हद्दीबाहेरचा लाल

बायकोचा फोन आला तेव्हा मीटर एका नाचाच्या कार्यक्रमाच्या कडेच्या काळ्या पट्ट्या मोजत होता. मीटर हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण ऑफिसात सगळे त्याला तेच म्हणायचे, आणि आता तर बँकेतल्या बाईनं खरं नाव पुकारलं तरी तो मागे वळून बघायचा की हा कोण बुवा.

"काल दुपारी तू काय बघितलंस?" बायकोनं विचारलं. हॅलो नाही, काही नाही.

"काही नाही बघितलं. तपासलं."

"तेच ते. काय तपासलंस?"

"एक कार्टून. बातम्यांमधला एक तुकडा. आणि एक मुलाखत. ती नापास केली. त्या बाईनं लाल स्वेटर घातला होता, आणि लाल हद्दीबाहेर गेला होता. का गं?"

"ती बाई आई होती," बायको म्हणाली.

"कुणाची?"

"माझी!"

मीटर गडबडला. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. समोर पडद्यावर नाचणारे नाचत होते. त्याला वाटलं, हे लोक कोण आहेत? हे सकाळपासून इथे नाचतायत आणि आपण त्यांच्या कडेच्या पट्ट्या मोजतोय. त्यातली एखादी आपली बहीण तर नसेल? त्याला बहीण नव्हती, पण त्या क्षणी त्याचीही खात्री वाटेना. बायको बोलतच होती. आईनं म्हणे कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलाखत घेणाऱ्या मुलीनं तिला सांगितलं होतं की टीव्हीवर लागायच्या आधी हे सगळं तपासायच्या खोलीत जातं. तिथे तुमचे जावईच असतात ना, मग तेच पहिल्यांदा बघतील. झालं. आईनं मनाशी पक्कं केलं की जगात सगळ्यात आधी जावई बघणार, बघताक्षणी खुर्चीतून उडणार आणि फोन करणार. काल दुपारपासून ती फोनशेजारच्या खुर्चीत बसून होती. आज सकाळी तिचा धीर सुटला आणि फुगलेल्या गालांनी तिनं लेकीला सांगितलं, की जा, तुझ्या नवऱ्याला विचार, काल काय दिसलं.

"आणि तू संध्याकाळी घरी आलास," बायको म्हणाली, "मी विचारलं, आज काही विशेष? तर म्हणालास, एक लाल."

"होता ना लाल," मीटर म्हणाला. मग त्यालाच ते ऐकू आलं.

"मी तिला काही सांगणार नाही. तू ओळखलंस की नाही ओळखलंस, ते तूच फोन करून सांग. मी आत्ता तिच्याकडेच निघालेय. आणि आज संध्याकाळी लागणार आहे ना तो कार्यक्रम?"

"बघतो."

"या वेळी खरंच बघ," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आता त्याची बाजूही समजून घ्यायला हवी. तपासायची खोली तळघरात होती, खिडकी नसलेली. भिंती राखाडी, गालिचा राखाडी, खुर्च्या राखाडी, का तर डोळ्यांना दुसऱ्या कुठल्याही रंगाची चटक लागू नये. एकदा सफाईवाली बाई पिवळी बादली घेऊन आत आली, तर मीटरला पुढचे दोन कार्यक्रम निळसर दिसत राहिले. कुठलाही कार्यक्रम घराघरात जायच्या आधी इथे यायचा. चित्राची रुंदी उंचीला धरून आहे का, चित्र ज्यांनी बनतं त्या आडव्या रेघा पुरेशा आहेत का, ओठ हलतात तेव्हाच आवाज येतो का, चित्र मध्येच अडकत तर नाही, रंग ठरवून दिलेल्या हद्दीत आहेत का. या सगळ्याचे नियम होते, नियमांची पुस्तकं होती, आणि ती अशी जाड की खोलीतल्या एका डुगडुगत्या टेबलाखाली त्यातलंच एक सरकवलेलं होतं. हद्दीबाहेर गेलेल्या रंगाला त्या धंद्यात बेकायदेशीर रंग म्हणत. त्याला कुणी पकडून नेत नसे, पण तो पुढे सोडला तर लोकांच्या टीव्हीवर फिसकटायचा, लहान पोरीनं आईची लिपस्टिक लावावी तसा बाईच्या अंगाबाहेर सांडायचा.

आणि हे काम नीट करायचं तर कार्यक्रम बघायचा नसतो. नवीन माणूस इथे आला की बघायला लागतो, हसतो, रडतो, आणि तेवढ्यात चूक निसटून जाते. मीटरनं पहिल्याच वर्षी स्वतःला शिकवलं की माणसाचं तोंड दिसलं तरी ते तोंड म्हणून घ्यायचं नाही, उजेडाचा एक तुकडा म्हणून घ्यायचं. बाजूला यंत्राच्या गोल काचेवर एक हिरवा ठिपका नाचायचा, रंग जितका भडक तितका काठाकडे जायचा, त्याच्यावर नजर ठेवायची. असं करत त्यानं शेकडो लग्नं बघितली आणि कुणाचं कुणाशी झालं ते त्याला ठाऊक नव्हतं. एका खुनाच्या मालिकेचे सगळेच्या सगळे भाग त्यानं तपासले होते. खून कुणी केला असं बायकोनं विचारलं, तर त्याला इतकंच सांगता आलं की एकाच्या शर्टावरच्या रेघा फार बारीक होत्या आणि त्या सारख्या लुकलुकत होत्या. पुढे तोच खुनी निघाला, आणि बायकोनं आठवडाभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं की याला आधीच संशय आला होता.

सासूबाई मात्र उजेडाचा तुकडा म्हणून घेण्यासारख्या नव्हत्या. त्यांनी उभा जन्म गावाच्या पोहण्याच्या तलावावर लोकांना पोहायला शिकवण्यात घालवला होता, आणि उरलेला वेळ थापा मारण्यात. म्हणजे त्या थापा नव्हेतच, त्यांच्या तोंडून निघाल्या की त्या घडून गेलेल्याच असायच्या. एकदा म्हणे एक माणूस शिकायला आला, तो पाण्यात पडल्यावर एवढा घाबरला की निम्मा तलाव पिऊन टाकला, आणि उरलेलं पाणी गुडघ्याएवढंच राहिलं म्हणून चालत बाहेर आला. ही गोष्ट मीटरनं पहिल्यांदा ऐकली तेव्हा नवं नवं लग्न झालेलं होतं. सगळे पोट धरून हसत होते आणि तो रुमालावर पेनानं हिशेब करत होता. "आई," तो म्हणाला, "एवढं पाणी माणसाच्या पोटात मावणार नाही." सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं, चहात न भिजणाऱ्या पावाकडे बघावं तसं. "मावलं," त्या म्हणाल्या. पुढे एकदा त्यांच्या घरचा टीव्ही त्यानं ठीक करून दिला. त्यावर वर्षानुवर्षं जुनी चौकोनी चित्रं पडदाभर ताणलेली दिसायची, सगळी माणसं बुटकी आणि गोलमटोल. त्यानं एक बटण दाबलं, माणसं एकदम माणसांएवढी झाली आणि दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या आल्या. त्याला वाटलं, आता शाबासकी मिळणार. "हे काय?" सासूबाई म्हणाल्या. "मी अख्खा टीव्ही घेतला होता, जावईबापू. या दोन पट्ट्या कुठे गेल्या? आणि बातम्या सांगणारा तो पोरगा आजारी आहे का?" तो गेल्यावर त्यांनी पुन्हा सगळ्यांना गोलमटोल करून टाकलं.

मीटरनं नाचणाऱ्यांना जागच्या जागी थांबवलं. एकाचा पाय तसाच हवेत राहिला. त्यानं शेजारच्या टेबलावरच्या आवाजवाल्याला खुणावलं. आवाजवाला फक्त आवाज तपासायचा, कानांवर मोठे हेडफोन चढवून आणि डोळे मिटून. त्यामुळे त्याला सगळ्या गोष्टी पाठ असायच्या आणि एकही तोंड माहीत नसायचं.

"कालची ती मुलाखत काढ रे पुन्हा," मीटर म्हणाला. "लाल स्वेटरवाली."

"स्वेटर मला काय माहीत? ती पोहणारी बाई का?" आवाजवाल्यानं एक कान मोकळा केला. "काय बाई आहे! मी हसलो तर माझ्याच हसण्यानं आवाज मोजायची सुई हलली असं वाटलं. आणि त्या जावयाबद्दल काय काय बोलते!"

"काय बोलते?"

"अरे, तू शेजारीच तर बसला होतास."

"बसलो होतो," मीटर म्हणाला. "म्हणून तर विचारतोय."

त्यानं अंगातला कोट काढून यंत्राच्या गोल काचेवर टाकला. हे त्यानं आजवर कधी केलं नव्हतं. हिरवा ठिपका कोटाखाली गेला आणि मीटरला एकदम उघडं उघडं वाटलं, कपडे बदलताना दार उघडं राहावं तसं. कुठे बघावं तेच समजेना. सवयीनं तो आधी कडांकडे गेला, मग कोपऱ्यांकडे, मग नाइलाजानं मधोमध आला. मधोमध सासूबाई होत्या. मागे साधी पांढरी भिंत, अंगात स्वतः विणलेला स्वेटर, आणि तो लाल असा होता की कोट टाकला नसता तर ठिपका काच फोडून बाहेर पडला असता. त्यांच्या एका भुवईत पांढरा केस होता. कधीपासून होता? बोलताना त्या उजवा खांदा किंचित उचलायच्या, जणू अजूनही पाण्यात हात मारतायत. एवढी वर्षं जेवणाच्या टेबलावर समोर बसून हे त्याला दिसलं नव्हतं. तिथे त्याला दिसायचा तो त्यांच्या डोक्यावरचा बल्ब, जो जरा पिवळा होता.

"माझा जावई टीव्हीत आहे," पडद्यावरच्या सासूबाई सांगत होत्या. "दिसायला साधा आहे हो, पण त्याला विचारल्याशिवाय तिथे रंगसुद्धा लाल होत नाही. आणि डोळा असा, की मी पाण्याच्या तळाशी बसले तरी वरून ओळखेल. बघाच तुम्ही, मी घरी पोहोचेपर्यंत त्याचा फोन आलेला असेल."

आवाजवाला खुदकन हसला. मग त्यानं मीटरचं तोंड बघितलं आणि हसू गिळलं. "तू?" त्यानं विचारलं. मीटरनं मान डोलावली. "आणि केलास फोन?" मीटरनं मान डोलावली नाही.

मुलाखत पुढे गेली. निम्मा तलाव पिणारा माणूस येऊन गेला, आता त्यानं पाऊण तलाव प्यायला होता. मग त्या मुलीनं विचारलं, "एवढ्या लोकांना शिकवलंत, पण असं कुणी आहे का, ज्याला तुम्हाला शिकवताच आलं नाही?"

आणि चित्र थांबलं.

हे मीटरला आठवत होतं. ही कालची दुसरी चूक. यंत्रानं घंटी दिली होती आणि त्यानं लिहून टाकलं होतं, की चित्र चार सेकंद अडकलं आहे, कापून टाकावं. शंका घ्यायला जागाच नव्हती. भिंत हलत नव्हती, डोळे हलत नव्हते, आणि जिवंत माणूस एवढा स्थिर बसत नाही. आता तो नुसता बघत राहिला, आणि बघता बघता त्याला दिसलं, की स्वेटरच्या गळ्याशी लोकरीचा एक सुटा धागा आहे आणि तो हलतोय. आत जातोय, बाहेर येतोय. श्वासाबरोबर. चित्र कुठेही अडकलेलं नव्हतं. सासूबाई गप्प बसल्या होत्या. त्या विचार करत होत्या, आणि काय विचार करत होत्या ते सगळ्या जगात दोघांनाच ठाऊक होतं, एक त्या आणि दुसरा तो. त्याच्या नाकात एकदम तलावाच्या पाण्याचा तो औषधी वास शिरला. लग्नानंतरचा उन्हाळा होता. सासूबाई त्याला हौसेनं तलावावर घेऊन गेल्या होत्या आणि तो कडेचा लोखंडी बार दोन्ही हातांनी धरून उभा होता, दात वाजत होते, पाणी किती खोल आहे असं पुन्हा पुन्हा विचारत होता. "सोड बार," त्या म्हणत होत्या. "मी आहे ना." त्यांचा हात त्याच्या पाठीखाली होता, रुंद आणि गरम, तापलेल्या फरशीसारखा. त्यानं बार काही सोडला नाही. पोरं आली, पोहली, घरी गेली, तलाव बंद व्हायची शिट्टी झाली, तरी त्यांनी पाठीखालचा हात काढला नाही आणि एका शब्दानं वाकडं बोलल्या नाहीत. घरी सगळे वाट बघत होते. दारातून आत शिरता शिरता सासूबाई म्हणाल्या, "दोन फेऱ्या मारल्या यानं! मासाच आहे नुसता." आणि आयुष्यात पहिल्यांदा मीटरनं कुणाचा आकडा दुरुस्त केला नाही. तेव्हापासून अख्ख्या सासुरवाडीत पट्टीचा पोहणारा म्हणून त्याची ख्याती होती. कुठल्याही पाण्याजवळ गेले की सगळे त्याला पुढे करायचे, आणि दर वेळी सासूबाईच मध्ये पडायच्या, याला सर्दी आहे, याचा कान दुखतोय, यानं आत्ताच जेवण केलंय.

पडद्यावर त्या हलल्या. खांदा उचलला. "नाही," त्या म्हणाल्या. "एकही नाही. एकाला जरा वेळ लागला, इतकंच."

"मला कालच माहीत होतं," आवाजवाला हळूच म्हणाला, "की चित्र अडकलेलं नाही. तिचा श्वास ऐकू येत होता."

"मग बोलला का नाहीस?"

"चित्राचं तू बघतोस. मी कशाला नाक खुपसू?"

मीटर उठला आणि जिन्याकडे धावला. नापास झालेली फाइल दुरुस्तीला वर जायची, आणि संध्याकाळी लावायची तर ते चार सेकंद दुपारीच कापले जाणार होते. एकदा कापले की प्रश्न संपेल न संपेल तोच उत्तर येणार, पटकन, जणू बाईला विचार करावाच लागला नाही. तो वर पोहोचला तेव्हा दुरुस्तीवाली मुलगी काम सुरू करत होती आणि साहेब तिच्या खुर्चीमागे कॉफी घेऊन उभे होते.

"कापू नका," मीटर धापा टाकत म्हणाला. "माझा शेरा मागे घेतो."

साहेबांनी कॉफी खाली ठेवली. मीटरनं शेरा मागे घेतल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. "म्हणजे मीटर चुकलं?"

"यंत्र नाही. मी."

"लाल?"

"लाल बरोबर आहे. म्हणजे चुकलेलाच आहे, तो उतरवाच. पण ते चार सेकंद राहू द्या. ते अडकलेलं नाही. बाई गप्प बसलीय."

"अरे, मी थोडी ऐकली ही मुलाखत," साहेब म्हणाले. "ही बाई गप्प बसणारी आहे का? घरोघर लोक टीव्हीच्या टाळक्यात थपडा मारतील. आणि पुरावा काय?"

"लोकर हलतेय."

"काय हलतंय?"

मीटरनं दाखवलं. साहेब वाकले, दुरुस्तीवाली वाकली, तिघांची नाकं पडद्याला टेकायची तेवढी बाकी राहिली. धागा आत गेला. बाहेर आला. "हलतेय की," साहेब म्हणाले. ते बराच वेळ तसेच वाकून राहिले, आणि मग उगाचच हळू आवाजात विचारलं, "काय विचार करतेय रे ती? बाई ओळखीची आहे का तुझ्या?"

"आहे," मीटर म्हणाला. "कालपर्यंत एवढी नव्हती."

चार सेकंद राहिले. लाल उतरला आणि स्वेटर विटकरी झाला. त्यावरून पुढे घरी जे व्हायचं ते होणारच होतं. आता फोन उरला होता. मीटर खाली आला, राखाडी खुर्चीत बसला आणि खरं काय ते मनाशी जुळवून ठेवलं. आई, मी ओळखलं नाही. मी तुमचा लाल बघितला, तुम्हाला नाही. वाक्य अगदी मापात होतं, कुठूनही तपासा. त्यानं नंबर लावला. पहिली घंटी पुरती वाजलीसुद्धा नाही.

"कोण?"

"आई, मी."

"मी कोण? इथे सकाळपासून जो तो मी मीच करतोय."

"जावई."

"असं होय. बोला जावईबापू, काय सेवा करू?" त्या चिडल्या की 'तुम्ही' वर जायच्या, आणि आता तर 'तुम्ही' च्याही वर गेल्या होत्या.

"तुमचा कार्यक्रम बघितला."

"कधी?"

मीटरनं तोंड उघडलं. ते मापातलं वाक्य जिभेच्या टोकावर होतं. पण त्या वाक्याच्या मागे चार सेकंद गप्प बसलेली बाई दिसत होती आणि पाठीला तो गरम हात लागत होता, आणि तोंडातून जे बाहेर पडलं ते भलतंच होतं.

"काल. तुम्ही पडद्यावर आलात मात्र, आई, हिरवा ठिपका असा उडाला की यंत्राची काचच तडकली! मी ओरडलो, अहो, या माझ्या सासूबाई! आवाजवाला धावत आला, वरचे साहेब जिना उतरून आले, सगळे उभेच राहिले. आणि काच बदलेपर्यंत... फोनची वायरही त्याच यंत्रातून जाते, त्यामुळे फोन बंद. नाहीतर तेव्हाच केला असता."

मीटरचा कान घामानं फोनला चिकटला होता. शेजारी आवाजवाल्यानं दोन्ही कान मोकळे केले होते आणि डोळेही टक्क उघडले होते.

"किती जण धावले?" सासूबाईंनी विचारलं.

"चार. पाच."

"चार का पाच?"

"पाच."

"हं. आणि ती फुटकी काच कुठाय?"

"नवी बसवली."

"नवी बसवली ते कळलं. जुनी कुठाय?"

मीटरनं उगाचच टेबलाखाली बघितलं. पलीकडून एक सुस्कारा आला, शिकणाऱ्यानं हात मारायच्या ऐवजी आपटावा तेव्हा शिकवणारी टाकते तसा.

"काच नको रे," सासूबाई म्हणाल्या. 'रे' म्हणाल्या. "काच म्हटली की उद्या कुणीतरी म्हणतं, दाखव. धूर सांग. यंत्रातून धूर निघाला. धूर कुणी मागत नाही. आणि वायर काढून टाक, फार ओढाताण होतेय. धुरात फोन सापडला नाही म्हण."

"बरं."

"आता पहिल्यापासून सांग बघू. थांब, स्पीकरवर टाकते. तुझी बायको आलीय, शेजारच्या दोघी बसल्यात, माझ्यावर विश्वासच बसत नाही म्हणतायत." त्यांचा आवाज फोनपासून लांब गेला. "ऐका गं, हा काय म्हणतोय ऐका!"

खुर्च्या सरकल्या. कुणीतरी कुणाला गप्प केलं. मीटरनं घसा साफ केला.

"काल दुपारी," तो म्हणाला, "आई पडद्यावर आल्या मात्र, खोलीभर धूर झाला. समोरचं काही म्हणजे काही दिसेना."